हार घातलेला गेम

टीव्हीला लाकडी दारं असायची त्या काळातला एक व्हिडिओ गेम विसूभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटात बसून असे. खंडेनवमीला विसूभाऊ हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावून हार घालत. दसरा झाला की हत्यारं कामाला लागत, हा मात्र कपाटातच राही. जुने मित्र येत, त्याचे फोटो काढत आणि ‘काय दिवस होते’ म्हणत निघून जात.

एका दसऱ्यानंतर तो कुरकुरला, तेव्हा स्क्रूड्रायव्हर म्हणाला, “गप बस की. एवढा मान आम्हाला कुणी दिलाय?”

“हार घालून काचेत मेलेल्यांना ठेवतात,” गेम म्हणाला. “मी जिवंत आहे. ये, मला उघड.”

“आणि आतलं काही जळलं तर?”

“खेळताना जळेन. बसून गंजणार नाही.”

स्क्रूड्रायव्हरने त्याला उघडलं, ब्रशने धूळ झाडली, वायर टीव्हीत शिरली.

विसूभाऊ एका मित्राला घेऊन आले, तेव्हा पडद्यावर गेम सुरू होता. चित्रात रेघा होत्या, हिरवा रंग तर गेलाच होता. मित्राने फोटोसाठी काढलेला मोबाइल खिशात घातला आणि दोघं जमिनीवर बसले.

“विश्या, तू आउट झालास. जॉयस्टिक सोड, आता माझी पाळी.”

विसूभाऊ सोडायला तयार नव्हते.