राजाने झाकण उचलले

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राज्यात एक रीत होती. नदीकाठच्या जत्रेत जादूगाराने खेळ मांडला, की जमलेल्यांनी, राव असो वा रंक, आधी जमिनीला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचे, "पाहू, पण पुसणार नाही!" खेळ कसा केला हे विचारायचे नाही, असे ते वचन; त्यावाचून जादूगार ढोलकीला शिवतही नसे.

राजाचे नाव मणिकेत. लहानपणी हा बापाच्या खांद्यावर बसून खेळ बघायचा. जादूगार हैबतीच्या पागोट्यातून कबूतर उडाले, की याचा वासलेला आ मिटायचाच नाही. तोंडात माशी जाईल म्हणून दाई बिचारी हनुवटी धरून ते बंद करायची. घरी आल्यावर हा आपल्या टोपीत कबूतर शोधायचा, सापडले नाही तर टोपी बदलून बघायचा. काय ते सुख होते! पुढे तो राजा झाला आणि शहाणा झाला. शहाणपण चांगलेच हो, पण तेही बेताने खावे. मणिकेताला वाटू लागले, की राजापासून राज्यात काही लपून राहणे बरे नव्हे.

एका साली तो आपली लाडकी लेक मंजिरी हिला घेऊन जत्रेला आला. हैबतीची दाढी आता पांढरी झाली होती, पण आवाज तोच, पागोटे तेच. सगळ्यांबरोबर राजानेही जमिनीला हात लावून वचन दिले. हैबतीने वेताची टोपली मधोमध ठेवली आणि विचारले, "यात कोण बसणार?" मंजिरीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. ती आत बसली, झाकण लागले, ढोलकी घुमू लागली. आणि इथेच राजाची मती फिरली. पुसायचे नाही खरे, पण जरा उघडून बघायला काय हरकत आहे? पळवाट राजेलोकांना लगेच सापडते! ढोलकी वाजत असतानाच पठ्ठ्या उठला आणि त्याने झाकण उचलले.

टोपली रिकामी होती.

ढोलकी थांबली. हैबती म्हणाला, "महाराज, घात केलात! लेक वाटेवर होती, आणि तुम्ही वाटच मोडलीत."

"माझी लेक परत आण, नाहीतर मान उडवीन!"

"माझी मान गेली तर लेकही कायमची गेली. हा शाप माझा नव्हे, टोपलीचा आहे. आजपासून तुमच्या डोळ्यांना प्रत्येक खेळाची लबाडी दिसेल, प्रत्येक दोरा दिसेल. जादूगारांच्या मुलखात जा, तीन खेळ बघा. सगळे दिसत असूनही तीनदा मनापासून वाहवा निघाली, तर लेक परत येईल. ही साळुंकी बरोबर न्या. खरी वाहवा तिला कळते आणि खोटीही कळते."

राजा निघाला तेव्हा राणीने एवढेच सांगितले, "लेकीला घेऊन या. एकटे येऊ नका." राजाला मान वर करवेना. आपल्याच हाताने आपले लेकरू घालवले, या विचाराने त्याचे काळीज कुरतडले जात होते. साळुंकी खांद्यावर बसली आणि म्हणाली, "चला महाराज, ऊन चढतंय." वाटेत एक डोंगर आडवा आला. साळुंकीने विनंती केली, तेव्हा तो बाजूला सरकला.

पहिल्या गावी एक जादूगार वाळक्या कोयीतून आंब्याचे झाड उगवून दाखवत होता. राजाला बाहीत लपवलेली फांदी लख्ख दिसली. लेकीची घाई, म्हणून तो पटकन म्हणाला, "वाहवा!"

साळुंकीने कडकन कान चावला.

"आई गं!"

"खोटी," साळुंकी म्हणाली.

राजाने पुन्हा म्हणून पाहिले, पुन्हा चावा बसला. कान भज्यासारखा फुगला. मग नाइलाजाने तो गप्प बसून नुसता बघत राहिला. फांदी बाहीतून येताना दिसत होती, पण काय अलगद येत होती! तान्ह्या बाळाला पाळण्यातून उचलावे तशी. "अरे, एवढ्याशा बाहीतून आली आणि एक पान चुरगळले नाही! वाहवा!" राजाच्या तोंडून निघून गेले, आणि त्याने घाबरून कान झाकला. साळुंकी पंख साफ करत होती.

दुसऱ्या गावी बोलणारा नारळ होता. कसला बोलणारा! जादूगाराचे ओठ मिशीआड हलताना आंधळ्यालाही दिसले असते. राजाला जांभई आली. शेजारी एक बोळकी म्हातारी बसली होती, हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिने नारळाला विचारले, "का रे बाळा, तुझी आई कुठल्या झाडावर आहे?"

नारळ म्हणाला, "आजी, ती तुमच्या चटणीत गेली!"

म्हातारीने "अगं बाई!" म्हणत राजाच्या पाठीत असा धपाटा घातला, की मुकुट पुढच्या माणसाच्या मांडीवर पडला. राजा पोट धरून हसला, म्हातारी हसली म्हणून आणखी हसला आणि "वाहवा रे नारळा!" म्हणून ओरडला. साळुंकीही हसत होती, चावायचे राहूनच गेले.

तिसरा खेळ जादूगारांच्या राजधानीत होता. तिथे हत्ती उडत होता. राजाला दोरे दिसले, आणि दोरे किती! हत्तीच्या पाठीपासून साऱ्या मैदानावर पसरलेले. त्याने एका दोऱ्याचा माग काढला, तो एका बघ्याच्या मुठीत गेला होता. दुसरा एका बाईच्या मुठीत, तिसरा तिच्या कडेवरच्या पोराच्या मुठीत. बघायला बसलेल्या प्रत्येकाने एक दोरा धरला होता, आणि कोणालाच ते ठाऊक नव्हते. हत्ती मात्र एका अंगाने कलला होता, बिचारा सोंड हलवून तोल सावरत होता. राजाने खाली पाहिले. एक दोरा त्याच्याही हातात होता, पण मूठ सैल होती.

"अरे देवा," राजा म्हणाला, "त्या दिवशी झाकण उचलले तेव्हा मी हेच सोडून दिले होते!"

त्याने मूठ घट्ट आवळली. हत्ती सरळ झाला, चीत्कारला आणि मजेत कान हलवत सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. "वाहवा," राजा अगदी हळू म्हणाला. साळुंकीला ते ऐकू गेले.

दोघे परतले. जत्रा मोडली नव्हती, एकही माणूस घरी गेला नव्हता, राणीही तिथेच येऊन बसली होती. राजकन्या आल्याशिवाय जायचे कसे? लोकांनी जमिनीला हात लावला, राजाने कपाळ टेकले. रिकाम्या टोपलीवर झाकण लागले, ढोलकी घुमू लागली. ती थांबता थांबेना. राजाचा जीव टांगणीला लागला, हात शिवशिवू लागले, तेव्हा तो आपल्याच हातांवर बसला. अखेर झाकण आपोआप उचलले गेले आणि मंजिरीचे डोके वर आले. त्याच क्षणी राजाच्या डोळ्यांपुढचे सगळे दोरे विरून गेले.

मंजिरीने इकडेतिकडे पाहिले आणि जोरजोरात टाळ्या पिटल्या. "आबासाहेब! तुम्ही सगळे नाहीसे झाला होतात! नदीसुद्धा! आणि आता सगळे परत आलात! कित्ती छान खेळ केलात!"

राजाने धावत जाऊन तिला छातीशी धरले. राजा रडत होता आणि लेक खिदळत होती.

"पुन्हा!" मंजिरी म्हणाली. "आबासाहेब, पुन्हा करा ना!"

राजाने राणीकडे पाहिले, राणीने डोळे मिटून घेतले. मग त्याने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले, तिला उचलून टोपलीत बसवले, आपल्या हाताने झाकण लावले आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला.

"वाजवा, हैबतीकाका," तो म्हणाला.

ढोलकी वाजली, लेक गेली, लेक आली, राज्यात साखर वाटली. ज्यांनी बघितले त्यांचे डोळे सुखी, ज्यांनी ऐकले त्यांचे कान सुखी.