सोनवळच्या सरकारांचा व्हायरस

थालीपीठ गार झालं, लोण्याचा गोळा वितळून ताटभर पसरला, तरी सोनवळचे सरकार फोन काही खाली ठेवेनात.

सोनवळ संस्थान विलीन होऊन जमाना लोटला होता. राज्य गेलं, हत्ती गेले. उरल्या त्या श्रीमंत यशोधनरावांच्या मिशा आणि लोकांच्या तोंडची ‘सरकार’ ही हाक. राज्य करायला काही शिल्लक नव्हतं, म्हणून सरकार आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत बसत. कॉम्प्युटरवर, एका बोटाने. मजल पणजोबांच्या शिकारीपर्यंत आली होती. आजवर तो कुणी वाचायला मागितला नव्हता. सरकारांना हे पक्कं ठाऊक होतं, पण ते ही गोष्ट स्वतःशीसुद्धा बोलत नसत.

आणि आज हा फोन आला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. म्हणाला, मी कॉम्प्युटर कंपनीच्या मदतकेंद्रातून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये भयंकर व्हायरस शिरलाय, तो आम्हाला इथे आमच्या पडद्यावर दिसतोय. सरकारांना आधी शंका आली होती. चांगली आली होती. तेवढ्यात तो माणूस म्हणाला, “सर, तुमच्याकडे काही मौल्यवान लिखाण आहे का? परदेशातले लोक त्याच्या मागावर आहेत.”

झालं! शंका जागच्या जागी विरघळली. परदेशात कुणीतरी पणजोबांच्या शिकारीसाठी झोप मोडून बसलंय, या विचाराने सरकारांना भरून आलं. आपल्या घरात चोर शिरतोय म्हणून इतका सुखावलेला माणूस सोनवळात दुसरा नसेल.

मग त्या माणसाने उपाय सांगितला. तो सांगेल ते टाइप करायचं, एक चौकट उघडेल, तिच्यातलं बटण दाबायचं. की मग तो तिथे बसून सरकारांचा कॉम्प्युटर चालवणार आणि व्हायरस काढून टाकणार. तोवर फोन ठेवायचा नाही. ठेवलात तर सगळं लिखाण पुसलं जाईल. सरकारांनी तसा शब्द दिला. सरकार गावात मुलींचं एक वसतिगृह चालवत आणि त्याचं बँकखातंही याच कॉम्प्युटरवरून बघत. त्यातून पोरींचं रोजचं जेवण चालायचं. पण शिकारीच्या आनंदात त्यांना त्याची आठवणही झाली नाही.

चौकट उघडली तेव्हा स्वयंपाकीण मंजुळाबाई दुसरं गरम थालीपीठ घेऊन आल्या. सरकारांनी फोनवर हात ठेवून मोठ्या अभिमानाने सगळी हकिगत सांगितली.

मंजुळाबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. “सरकार, आमच्याकडं एक देवऋषी हुता. तिकडं लांब दुसऱ्या गावात बसून सांगायचा, तुमच्या म्हशीत भूत शिरलंय. म्हस कधी डोळ्यांनी बघितली न्हाई, पर भूत मातूर दिसायचं त्याला.”

सरकारांना राग आला. एवढ्या अदबीने बोलणाऱ्या माणसाची तुलना देवऋष्याशी!

“मग तो लबाड आहे हे सिद्ध करून दाखवा,” ते म्हणाले. “पण आमचा शब्द गेलाय, फोन आम्ही ठेवणार नाही. तुम्ही त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. आणि पुरावा मिळेपर्यंत आम्ही त्याला वाकडा शब्द बोलणार नाही. जमत नसेल तर चहा टाका.”

मंजुळाबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. पलीकडचा घाई करू लागला, “सर, दाबा ना, एकच बटण आहे.” सरकारांचं बोट खाली येऊ लागलं. मंजुळाबाईंची नजर कॉम्प्युटरवरून वायरीवर गेली, वायरीवरून भिंतीवर. त्या वाकल्या आणि त्यांनी प्लग उपसून काढला.

पडदा काळा झाला. सरकार ओरडणार, तोच बाई हळूच म्हणाल्या, “आता इचारा त्याला, कसं हाय ते.”

सरकारांनी घसा साफ केला. “आता काय परिस्थिती आहे?”

“वाढतोय, सर! तुमच्या फायली खायला लागलाय. मला इथून सगळं स्पष्ट दिसतंय.”

“काय काय दिसतंय?”

“तुमचं सगळं लिखाण, सर. लाल झालंय बघा. तुम्हालाही दिसत असेल.”

सरकारांनी बघितलं. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसत होतं. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड अर्धवट उघडं. त्यांचे कान तापले. मग वसतिगृहाचं खातं आठवलं आणि त्यांनी बटणावर आलेलं बोट झटकन मागे घेतलं. पण पडद्यातलं ते ध्यान बघता बघता त्यांच्या मिशा हलू लागल्या.

“खरं आहे तुमचं,” ते फोनमध्ये म्हणाले. “व्हायरस आम्हालाही दिसला. चष्मा लावतो आणि मिशा ठेवतो. मघाशी बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसलाय.”

 पलीकडे खट्‌कन फोन ठेवला गेला. त्यानेच ठेवला, त्यामुळे सरकारांचा शब्दही राहिला.

मग सरकार जे हसत सुटले, ते बागेतून माळी धावत येईपर्यंत. डोळे पुसून त्यांनी आधी बँकेला आणि पोलिसांना कळवलं. कॉम्प्युटर सुरू करून पाहिला, तर शिकारीचं शेवटचं पान तेवढं गेलं होतं. ते गेल्याने पुस्तक सुधारलंच, असं त्यांचं त्यांनीच कबूल केलं. मग आतून आईसाहेबांची मोहनमाळ आणून त्यांनी मंजुळाबाईंच्या हातावर ठेवली.

“आमचं राज्य गेलं, पण पदं द्यायला आम्हाला कुणी बंदी केलेली नाही. आजपासून तुम्ही सोनवळच्या दिवाण. आणखी काय हवं ते मागा.”

“दिवाणपद घेते,” मंजुळाबाई म्हणाल्या, “पर ह्यो फोन माझ्या सैपाकघरात ऱ्हाईल.”

सरकार पुन्हा पोट धरून हसले. मग त्यांनी स्वतःच फोन उचलला, वायर मनगटाला गुंडाळली आणि दिवाणांच्या मागोमाग स्वयंपाकघराकडे निघाले.