राणीच्या पलंगाखालची घागर

एकदा काय झालं, बरं का, एका राणीला लाज वाटली. वाटू नये त्या गोष्टीची वाटली, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

राणीचं नाव सगुणा. तिचं राज्य काळझरा. डोंगर सगळे बोडके, झाड म्हणून औषधाला सापडायचं नाही. पण जमिनीखाली काय होतं माहितेय? तेल! आपल्या विहिरीला पाणी लागतं ना, तसं तिथं तेल लागायचं. काळं, दाट, काकवीसारखं. माणसं ते पोहऱ्यांनी उपसायची आणि बुधल्यांत भरायची. बुधले म्हणजे कातड्याच्या या एवढ्या मोठ्या पिशव्या. मग ते बैलांवर लादायचे, नदीपलीकडे तांबेपूरला न्यायचे आणि विकायचे. आणि येताना त्याच बैलांवर तांबेपूरचं तेल विकत घेऊन यायचे. हो हो, तेल देऊन तेलच आणायचे. हसू नका. सगुणा राणीला हसले तेच पुरे झालं.

कोण हसलं? सांगते. राजवाड्यात होतं हळदीकुंकू. सात राज्यांच्या राण्या आल्या होत्या. त्यातली एक भारी टोचून बोलणारी. तिनं दिव्यांकडे बघितलं आणि विचारलं, "काय छान उजेड हो! तुमच्याच विहिरीतलं तेल ना?" दासी बिचारी भोळी. ती म्हणाली, "नाही बाईसाहेब, हे तांबेपूरहून विकत आणतात."

"अगंबाई!" ती राणी म्हणाली. "घरात तेलाच्या विहिरी, आणि दिव्याला तेल शेजारणीचं?"

सगळ्या राण्या पदर तोंडाला लावून हसल्या. सगुणेचे कान तापले. तिला उत्तरच देता येईना, कारण आपण असं का करतो ते तिनं जन्मात कधी कुणाला विचारलंच नव्हतं. दिवा लागतो एवढंच तिला ठाऊक. हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला, आणि कधी एकदा या बायका जातात असं तिला झालं.

मग दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. तेल बाहेर जाणार नाही. बाहेरचं तेल आत येणार नाही. ज्याच्या घरी तांबेपूरचं तेल सापडेल त्याला शिक्षा! आपलं तेल आपण जाळायचं, ताठ मानेनं जगायचं.

लोकांनी ऐकलं हो. राणीवर माया होती त्यांची. त्यांनी आपलं काळं तेल दिव्यांत ओतलं आणि वाती पेटवल्या. मग काय! उजेड चिमूटभर आणि धूर खंडीभर. भिंती काळ्या, धोतरं काळी, दुधावर काजळीची साय. माणूस शिंकला तरी रुमाल काळा. आणि बाहेर न गेलेलं तेल साठून साठून इतकं झालं की आड भरले, रांजण भरले, शेवटी ते गल्लीतून वाहायला लागलं. पांढरी कुत्री घरी जाईपर्यंत काळी व्हायची. लोकांच्या वहाणा रस्त्याला चिकटून राहायच्या आणि माणसं तशीच पुढे जायची.

दिवाणजी म्हणाले, "त्यात काय, आपणच शुद्ध करू!" त्यांनी जेवणावळीचा हंडा घेतला, तेल ओतलं, झाकण घट्ट बसवलं. जळण नव्हतं, म्हणून दरबारातले पाट फोडून जाळले. मग धडाड्धूम! झाकण उडालं ते हत्तीखान्याच्या छपरावर, आणि दिवाणजींची अर्धी मिशी गेली. पुढे चार महिने ते एका बाजूनंच हसायचे.

आणि राणी? आता इकडे सरका आणि नीट ऐका, ही गोष्ट हळू सांगायची आहे. राणीनं पहिल्या संध्याकाळी आपल्या महालात काळ्या तेलाचा दिवा लावला. ती खोकली. डोळे चुरचुरले. जुन्या, तांबेपूरच्या तेलाची एक घागर भांडारात उरली होती. "आजच्यापुरती फक्त," ती स्वतःशी म्हणाली, आणि घागर गुपचूप आणून पलंगाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही आजच्यापुरतीच. तिसऱ्या दिवशी तर ती काही म्हणालीसुद्धा नाही.

मग एक दिवस पंतोजी आले. म्हणाले, पोरांचे डोळे सुजलेत, अक्षर दिसत नाही, पाठशाळेपुरतं थोडं जुनं तेल मिळेल का? राणी म्हणाली, "नाही. सवय होईल." पंतोजी गेले.

मग वैद्यबुवा आले. म्हणाले, तेलाच्या शेगडीच्या धुराचा वास काढ्याला लागतो, रोगी औषध ओकून टाकतात. तेवढ्यापुरतं तरी द्या. राणी म्हणाली, "नाही. कुठून देऊ?" वैद्यबुवा गेले.

मग तिसऱ्यांदा आली ठकूबाई सुईण. म्हातारी, कमरेत वाकलेली, धापा टाकत आली. विहिरीवर तेल उपसणाऱ्या गड्याची बायको हौसा बाळंत झाली होती, सहा दिवसांचं पोर होतं तिला. आता काळझऱ्याची रीत अशी, की बाळंतिणीच्या खोलीत बारा दिवस दिवा विझू द्यायचा नाही. आणि खोलीला तर एवढासा झरोका.

"राणीसाहेब," ठकूबाई म्हणाली, "धुरानं लेकरू घुसमटतंय. व्हट निळं पडाया लागल्यात. दिवा काढा म्हनलं तर सासू ऐकंना, रीत मोडू देईना. वाटीभर तेल द्या. वाटीभरच."

राणीच्या ओठावर 'देते' आलं होतं. पण द्यायचं तर सांगावं लागणार, कुठून दिलं ते. सगळ्या गावाला शिक्षेची धमकी देऊन आपण काय केलं ते. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "नाही. माझ्याकडे नाही."

ठकूबाईनं तिच्याकडे बघितलं. मग हात जोडले आणि गेली.

राणीनं दार लावलं. कोनाड्यात तिचा दिवा जळत होता, स्वच्छ, धूर नाही की वास नाही. त्या उजेडात तिला आपले हात दिसले, आणि ती अशी शरमली, अशी शरमली, की काय सांगू! हळदीकुंकवाला हसले तेव्हा वाटली ती लाज नव्हतीच मुळी. तो नुसता तोरा होता. लाज ही. एवढ्याशा जिवाचा श्वास अडकलाय, आणि आपण आपली अब्रू सांभाळत बसलोय! तिला भिंतीत शिरावंसं वाटलं.

पण ती शिरली नाही, बरं का. ती पलंगाखाली शिरली. घागर ओढून काढली आणि कमरेवर घेतली. पायात वहाणा नाहीत, मागे दासी नाही. भर दिवेलागणीला, सगळं गाव ओट्यावर बसलेलं असताना, राणी गल्लीतून निघाली. पाय काळ्या तेलात फसत होते. घागर डचमळत होती. लोक उठून उभे राहत होते आणि ती मान खाली घालून चालत होती.

हौसाच्या घरी गेली. दुसरी पणती पुसली, चांगलं तेल ओतलं, काळ्या दिव्यावरच तिची वात लावली आणि मगच काळा दिवा स्वतः फुंकला. सासू वरचं कौल काढायला धावली. धूर हळूहळू वर गेला. ठकूबाईनं पोराला पालथं घेऊन पाठ चोळली. सगळे श्वास रोखून उभे. पोर काही रडेना. मग त्याला एक शिंक आली, एवढीशी, आणि मग जे भोकाड पसरलं त्यानं! कोपऱ्यावरचे लोकसुद्धा हसले.

राणी मात्र हसली नाही. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "ठकूबाई, माझ्याकडे तेल होतं. मी खोटं बोलले."

"ठावं हाय की," ठकूबाई म्हणाली.

"कसं?"

"अवो, सगळ्या गावाच्या नाकपुड्या काळ्या, आन् तुमच्याच तेवढ्या गोऱ्यापान! दोन महिने बघतोय आमी. पंतोजीस्नी ठावं, वैदबुवास्नी ठावं."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

बाजेवरून हौसा हळूच म्हणाली, "तुमाला लाज वाटंल म्हून."

मग मात्र राणीनं पदरात तोंड घातलं आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः बुधले लादून तांबेपूरला गेली. तिथं तिनं भट्ट्या पाहिल्या, सात पिढ्यांच्या. मागे दाट रान, म्हणून जळण भरपूर. तांब्याच्या मोठ्या भांड्यांत काळं तेल तापवायचे. पहिली वाफ नळीतून यायची आणि तिचं पातळ, निर्मळ तेल व्हायचं, ते दिव्याचं. मग जरा जाड यायचं, ते शेगडीचं. आणि तळाशी चिकट काळा गाळ उरायचा. आपण लोणी कढवतो ना? तूप वेगळं आणि बेरी वेगळी, तसंच. तो गाळ तांबेपूरचे लोक आपल्या होड्यांच्या फटींत भरायचे. दोन महिने काळझऱ्याचं तेल आलं नव्हतं, तर त्यांच्या होड्या गळत होत्या आणि कोळी अर्धा वेळ पाणीच उपसत होते. राणीनं भट्टीवाल्या म्हातारबाबांपुढे हात जोडले. म्हणाली, "बाबा, चुकले. आमचं तेल घ्या आणि तुमचं द्या." म्हातारबाबा म्हणाले, "आधी जेवून घे, बाय."

मग वेशी उघडल्या. बैल जाताना काळं तेल नेऊ लागले आणि येताना निर्मळ आणू लागले, पूर्वीसारखे. पुढं कुणी विचारलं, की तुम्ही तेल विकता आणि घेताही, असं कसं हो? तर राणी बसवून घ्यायची आणि सगळं समजावून सांगायची. पलंगाखालच्या घागरीसकट सांगायची, बरं का. तिथं आल्यावर तिचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा, पण ती ते गाळायची नाही.

बाराव्या दिवशी पोराचं बारसं झालं. राणी दाराशीच उभी होती, मागे. हौसानं तिला हाक मारली आणि पाळण्याची दोरी हातात दिली. राणीनं पाळणा हलवला. पोर खुदकन हसलं, गाव सुखानं जेवलं आणि आपापल्या घरी जाऊन गाढ झोपलं.

आता तुम्हीही झोपा. पाय आत घ्या, गार लागेल. आणि कुणी काही लपवून ठेवलं असेल ना, तर सकाळी दात घासून झाले की माझ्याकडे या. मला ठाऊक असतंच. तरी या.