शेपटीचा भाव

गडहिंग्लजच्या केरबा लोहाराचे अडकित्ते पंचक्रोशीत नावाजलेले. सुनेनं वेबसाइट काढायची म्हटलं, तर 'केरबा अडकित्ते डॉट कॉम' एका दलालानं आधीच घेऊन ठेवलेलं. तो दुकानात येऊन ऐटीत म्हणाला, "आजोबा, डॉट इन पाचशेला कुणालाही मिळतं. डॉट कॉमचे दोन लाख पडतील. भाव सगळा शेपटीला असतो."

"आणि नावाला?"

"नावाला कोण विचारतो?"

"मग माझं नाव काढून तुझं घाल. शेपटी तीच ठेव. बघू कोण दोन लाख देतं."

गिऱ्हाइकं हसायला लागली. दलाल पुटपुटला, "माझ्या नावानं कोण घेणार?"

"मग भाव माझ्या नावाला आहे की. ते तर माझ्याकडंच आहे."

सुनेनं त्याच्यादेखत पाचशेला डॉट इन घेतलं. आता अडकित्ते पार दुबईला जातात, आणि डॉट कॉमचं वर्षाचं भाडं दलाल भरतो.