विभूती आणि मलम

"यातलं काय लावून जाणार आहेस?" राघोबाबांनी विचारलं.

मठाच्या ओसरीवर त्यांनी दोन वस्तू मांडून ठेवल्या होत्या. एक मठातच काढलेल्या करंज-कडुनिंबाच्या तेलाची बाटली. दुसरी मलमाची नळी. गोचिडी नि डास अंगाला लागू नयेत म्हणून लावायचं ते मलम, बाजारातल्या औषधाच्या दुकानातून मुद्दाम मागवलेलं.

ओसरीच्या कडेला पाय सोडून वामन पडशी बांधत होता. त्याने दोन्हींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डोंगरावरच्या गुहेत अनुष्ठानाला बसायची परवानगी आज कुठे मिळाली होती त्याला. त्यासाठी बाबांच्या मागे किती लागला होता म्हणता! आणि आता निघायच्या वेळी गुरू विचारतात काय, तर मलम!

"काहीच नाही, बाबा."

"वाट काजूच्या बागेतून जाते. पाचोळा घोट्याच्या वर. त्यात गोचिडी आहेत. यंदा वर माकडतापाने माकडं मेलीत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

वामनने कनवटीची पुरचुंडी काढून कपाळाला लावली. "तुमची विभूती आहे की माझ्याजवळ. तीच लावीन सर्वांगाला. वर आणखी मलम फासायचं म्हणजे... तुमच्यावर विश्वास नाही असंच झालं ना?"

बोलला, आणि मनातल्या मनात फुलला गडी. असं उत्तर मठात दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का? शिष्य असावा तर असा! आता बाबा पाठीवर हात ठेवणार, म्हणून त्याने मान जराशी लववूनही ठेवली.

हात काही आला नाही.

"वामन, त्या फणसाखाली समाधी आहे... ती कुणाची रे?"

हे काय विचारणं झालं? रोज सकाळी तिथे फूल तोच वाहत होता. "धोंडीबुवांची. तुमचे पहिले शिष्य. गुहेत ध्यानाला बसले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला."

"असं सांगतात?"

"सगळेच सांगतात, बाबा."

"ठेवला नाही रे..."

बाबांची नजर फणसाकडे गेली.

"गेला. गोचीड चावली, माकडताप भरला. पाठुंगळी घेऊन मीच त्याला खाली आणला. वाटभर पाणी मागत होता लेकरू."

इतकी वर्षं वामन ज्या समाधीपुढे डोळे मिटून हात जोडत होता, तिच्याखाली कुणी तहानलेलं पोर असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"त्यांनी... काय लावलं होतं अंगाला?"

बाबांनी त्याच्या हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. वामनने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आपण मघाशी काय बोलून गेलो, आणि कुणापुढे!

"मग निदान मठाचं तेल लावतो," तो हळूच म्हणाला. "बाजारातलं ते..."

"तेल इथे ओसरीवर ठीक आहे. डासांपुरतं. डोंगर चढताना घाम आला की उतरलं. गोचिडीला हे. आणि लेंगा पांढरा घाल, चढलेली दिसते. खाली मोज्यात खोच."

"अनुष्ठानाला मोजे, बाबा?"

"मोजे."

वामनने नळीकडे हात नेला. बाबांनी दिली नाही. कुरकुरणारे गुडघे सांभाळत ते खालच्या पायरीवर बसले, वामनचा पाय त्यांनी ओढला आणि सरळ आपल्या मांडीवर घेतला.

वामन पाय मागे घेऊ लागला.

"बाबा! अहो काय करताय हे? पाय सोडा माझा... मला पाप लागेल!"

"हलू नकोस. सांडतंय."

ज्या पायांवर डोकं ठेवायला चार गावची माणसं यायची, ते पाय पायरीवर दुमडून बाबा खाली बसलेले, आणि शिष्याचा धुळीने माखलेला पाय त्यांच्या मांडीवर. त्यांनी घोट्याला मलम लावलं. पोटरीला लावलं. गुडघ्याच्या मागे, जिथे गोचीड लपून बसते, तिथे दोनदा लावलं. तान्ह्या पोराला आई तेल लावते ना, तसं, कुठली घडी राहू नये म्हणून बोटं फिरत होती.

वामनला हुंदका आवरेना.

"बाबा... विभूतीत काही नसेल, तर मी विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

खाली मान घालून बाबा टाचेला मलम लावत राहिले. फणसावर कुठलासा पक्षी ओरडून गेला...

"दुसरा पाय दे."