राजवाड्याचे सुत, घरपोच

"घरबसल्या मागवा! राजवाड्यात तयार झालेले अत्यंत अतिशय फारच उत्तम सुत! दारात आणून देऊ! आवडले नाही परत घेणार!"

राजा रणधवलाने हा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला आणि गावातल्या भिंतींवर रंगवून घेतला. कोठारात सुताच्या लडी साठल्या होत्या. लोकांनी चौकातल्या हरकाऱ्याला नुसतं सांगायचं, की माल घरी हजर! पण एका लडीलाही गिऱ्हाईक मिळेना. लोक भिंतीपाशी थांबत, वाचत, खुदकन हसत आणि पुढे जात.

"प्रजेला उत्तम लेखन झेपत नाही, महाराज," दरबारी म्हणाले.

भिंती रंगवणारा केरबा मात्र बोलून गेला, "महाराज, मजकुरातच चूक आहे."

झालं! केरबा तुरुंगात गेला.

त्याची मुलगी भिवरा धावत दरबारात आली. राजा गुरगुरला, "बापाचं म्हणणं खरं करून दाखव, त्याला सोडतो. पण 'चूक' हा शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नये आणि आमच्या मजकुराला बोट लावायचं नाही. नाहीतर तूही आत!"

भिवरा दरबारातून बाहेर पडली. तोंड बंद ठेवून बोलायचं कसं? परतताना ती बापाने रंगवलेल्या भिंतीपुढे उभी राहिली. मजकूर एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग डोळे पुसून तडक हरकाऱ्याकडे गेली.

"लिहून घे. भिंतीवर आहे तोच माल हवा. एक नग."

पहिलं गिऱ्हाईक! राजाला आनंदाचं भरतं आलं. माल स्वतःच्या हाताने द्यायचा म्हणून त्याने भिवराला दरबारात बोलावलं आणि पुढ्यात लड ठेवली.

"हा तर दोरा!" भिवरा म्हणाली. "मी सुत मागवला होता. सुत म्हणजे मुलगा. विचारा दरबारातल्या पुराणिकबुवांना!"

पुराणिकबुवांनी जमिनीकडे बघत मान डोलावली.

"आईला मुलगा नाही, महाराज. विहिरीचं पाणी ओढायला कुणीतरी हवंच होतं. राजवाड्यात तयार झालेला सुत एकच दिसतो." ती राजाशेजारी बसलेल्या युवराजांकडे वळली. युवराजांच्या हातातला लाडू तिथेच थांबला. "जरा दात दाखवा बघू!"

"माझ्या मुलाचे दात बघतेस?" राजा कडाडला.

"बघायलाच हवेत! 'आवडले... नाही परत घेणार!' असं स्पष्ट लिहिलंय. एकदा घरी नेले की आमच्याच गळ्यात! शिवाय नुसतं 'उत्तम' असतं तर डोळे मिटून नेले असते. 'अत्यंत अतिशय फारच' म्हटल्यावर शंका येते, महाराज. एखादा पाय लंगडा तर नाही?"

युवराज घाईघाईने दोन्ही पायांवर उभे राहिले. दरबार खोकू लागला.

"अगं, 'आवडले नाही' म्हटल्यावर थांबायचं!" राजा ओरडला. "मग 'परत घेणार'!"

"थांबले असते, महाराज. पण थांबायची खूण कुठे होती?"

"ती द्यायची राहिली! आणि ते सुत नव्हे, सूत! सू दीर्घ! तिथे चूक झाली आमची!"



भिवराने हात जोडले. "मी तो शब्द उच्चारला नाही, महाराज. आपण उच्चारलात. बाबांना सोडा. युवराज राहू द्या इथेच, आम्हाला तेवढी घाई नाही."

 राजाच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि तो सिंहासनाचा हात धरून खदाखदा हसू लागला. युवराजांनी सुटकेचा श्वास टाकून लाडू संपवला.

केरबाच्या बेड्या तोडल्या गेल्या. राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं. "आणि पूर्वेकडचा मळाही तुझा! थांब, आत्ताच सनद लिहून देतो!" त्याने बोरू उचलला.

"नको नको, महाराज!" भिवरा पुढे धावली. "आपण तोंडी सांगा, लिहिते मी!"