शेवटची ओळ

"ओढ्याला किती जागा सोडली की पुरे, महाराज?"

"तू किती सोडलीस?"

"दोन्ही काठांना नऊ मीटर."

"दहा का नाही?"

"नऊवरच सभासद भांडताहेत."

"ओढा आला होता का सभेला?"

मुकुंद सोनटक्के हसला. तो नगरपालिकेचा नगररचनाकार आणि निरंजनबुवांचा जुना शिष्य. गावाच्या बांधकाम नियमांचा नवा मसुदा त्यानं लिहिला होता. उद्या तो मंजुरीसाठी सभेपुढं जायचा होता. त्याआधी बुवांच्या पायांवर ठेवावा म्हणून तो मठात आला होता.

"वाच," बुवा म्हणाले.

"ओढ्याच्या पात्रात भराव टाकायचा नाही. पाणी अडवणारं जुनं बांधकामही काढायचं. नव्या इमारतीनं छपरावरचं पाणी आपल्याच अंगणात मुरवायचं, रस्त्यावर सोडायचं नाही..."

बुवा मान डोलावत होते. मुकुंद थांबला, तशी त्यांची मानही थांबली.

"खाली अजून एक ओळ दिसते."

"हो. 'धार्मिक स्थळांना हे नियम लागू नाहीत.'"

"ही कुणासाठी?"

"आपल्यासाठी, महाराज."

बुवांनी मागच्या दाराकडं पाहिलं.

मठाच्या मागं, ओढ्याच्या अगदी काठावर, बुवांच्या गुरूंची समाधी होती. ती पुरापासून वाचावी म्हणून मुकुंदनं तरुणपणी तिथं दगडी भिंत बांधून दिली होती. बुवांनी नारळ फोडला होता. गेल्या श्रावणात ओढा फुगला, तेव्हा समाधीला थेंब लागला नाही. पाणी भिंतीवर आपटून पलीकडच्या काठावर वळलं. पलीकडं गुरवआळी होती. आळीतली गोदू गुरवीण रोज पहाटे समाधीला फुलं आणायची. ती त्या पाण्यात वाहून गेली. तिची परडी नंतर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला अडकलेली सापडली.

आता ती परडी मठाच्या खुंटीवर होती. रिकामी.

"समाधीवर आज फूल नाही?" मुकुंदनं विचारलं.

"श्रावणापासून नाही."

"मला सांगायचं की! एक माणूस लावून देतो."

बुवा उठले. काठी टेकत मागं ओढ्याकाठच्या भिंतीपाशी गेले. मुकुंद मागोमाग गेला. वरचा एक दगड त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. दगड हलला नाही. पुन्हा ओढला.

"महाराज, हाताला लागेल!"

"पक्कं बांधलंस रे."

"आपला आशीर्वाद होता."

"हो..." बुवांना धाप लागली होती. "तोच निघत नाही."

मुकुंदनं नजर वळवली. पलीकडं गुरवआळीतली नुसती जोती उरली होती. एका जोत्यावर कुणाचं तरी धुणं वाळत होतं.

"ती ओळ काढली तर पहिली ही भिंत पडेल," तो म्हणाला. "पुढच्या पुरात समाधी पाण्यात जाईल. आपल्या गुरूंची समाधी, महाराज."

"ते रोज या ओढ्यात उतरायचे. त्यांना पाण्याची भीती नव्हती."

"मग भिंत..."

"मला होती."

मुकुंदनं खिशातून पेन काढलं. शेवटच्या ओळीवर रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. कागदाची घडी त्यानं पायांवर ठेवली नाही, खिशात टाकली.

निघताना तो खुंटीपाशी थांबला. परडी हातात घेतली, पालथी केली. तळाला ओढ्याची वाळू अजून चिकटलेली होती.

"आता तरी फुलं आणून देऊ का, महाराज? उद्या सकाळीच?"

बुवांनी परडी त्याच्या हातातून घेतली आणि परत खुंटीला लावली.

"आधी भिंत पडू दे. मग फुलं पाणीच आणील."